बाई, भिंत वाकडी की नजर?

सकाळी सातच्या सुमाराला मी जास्वंदीची फुलं काढायला कुंपणाशी गेले, की पलीकडून वहिनींचा आवाज येतोच. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दोन घरांच्या मधे कुंपण आहे ते उभ्या लोखंडी पट्ट्यांचं, मधे बोटभर फटी. माणूस अख्खा कधी दिसत नाही. पदराची एक चीर, हाताची एक चीर, चष्म्याची अर्धी काच. आवाज मात्र पुरा येतो.

“काय ओ बाई, मिस्त्रीला रडवलंत म्हणं?”

“कोण म्हणतं?”

“कोपऱ्यावरच्या काकू म्हणायल्यात. पाच हजार बुडवलेत म्हणं त्याचे. भिंत पाडायला लावलीत म्हणं.”

पाच हजार नव्हते, दीड हजार होते. बुडवले नव्हते, अडकवून ठेवले होते. आणि पाडायला लावली नव्हती, नुसतं म्हणाले होते. पण आमच्यापासून कोपरा सात घरं लांब आहे आणि बातमीला सात घरं फिरवून आणली की तिचं असंच होतं. मी परडी खाली ठेवली. ही गोष्ट आपल्या तोंडून गेलेली बरी.

झालं होतं असं. मागच्या पडवीत धुण्याच्या दगडामागची भिंत ओल धरायची, म्हणून तिथं टाइल्स लावायचं ठरलं. लेक म्हणाली, काळ्या-पांढऱ्या लाव, छान दिसतात. एक काळी, एक पांढरी, आणि विटांच्या बांधकामासारखी दर ओळ अर्धी टाइल सरकवून. मिस्त्रींनी दोन दिवसांत काम उरकलं, राखाडी सिमेंटनं दर्जा भरल्या आणि संध्याकाळी अंधार पडता पडता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी पडवीत आले आणि कप हातातच राहिला. एकही ओळ सरळ नाही. एक ओळ डावीकडे रुंद आणि उजवीकडे निमुळती, तिच्यावरची बरोबर उलटी. भिंतीत कुणीतरी पाचरी ठोकून ठेवल्यासारख्या.

मिस्त्री आले तेव्हा मी त्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून लेव्हल काढून दर्जेवर ठेवली. बुडबुडा मधोमध. मी म्हटलं, तुमची लेव्हलच बिघडली असेल. त्यांनी दोन टोकांना दोन खिळे धरायला लावले, एक त्यांच्या पोराला आणि एक मला, आणि नायलॉनचं सूत ताणलं. सूत सरळ, सुताखालची दर्जाही सरळ. सूत काढलं, दर्जा परत वाकडी! मग टेप. तीन ओळींचं माप डावीकडे सव्वा अठरा इंच, उजवीकडेही सव्वा अठरा. मधे कुठंही घ्या, सव्वा अठरा.

“बाई,” टेप गुंडाळत ते म्हणाले, “मी भिंत बांधलीय. तुमची नजर कुणी बांधलीय ते मला काय म्हाईत?”

तरीही मी म्हटलं, विचार करून सांगते. काय विचार करायचा होता देव जाणे. एकतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेल्या बाईला गवंड्यानं आपल्याच भिंतीसमोर उभं करून धडा दिला, तो पचायला वेळ लागतो. ते पोराला घेऊन निघून गेले. मी दीड हजार डब्यात ठेवले आणि रात्री झोपताना एकदम आठवलं. अहो, हे तर मी वाचलेलं आहे!

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल म्हणून गाव आहे. तिथं एका चढाच्या रस्त्यावरच्या कॅफेला अशाच काळ्या-पांढऱ्या टाइल्स लावलेल्या होत्या, अशाच अर्ध्या सरकवलेल्या. जवळच रिचर्ड ग्रेगरी नावाच्या प्राध्यापकांची प्रयोगशाळा. नजर कशी फसते यावरच त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एकाच्या लक्षात आलं की येता-जाता ही भिंत वाकडी दिसते आणि मोजली तर सरळ भरते. १९७९ मध्ये ग्रेगरींनी त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि ‘कॅफेची भिंत’ हे त्या फसवणुकीचं नावच पडलं. म्हणजे जे बघून त्यांनी निबंध लिहिला, ते बघून मी मिस्त्रीचे पैसे अडकवले.

“पण सरळ ओळ वाकडी दिसतेच कशी?” वहिनींनी विचारलं. चष्म्याची काच फटीला चिकटली होती.

याचं सगळं पाप त्या राखाडी दर्जेचं. दर्जेचा रंग काळ्याच्या आणि पांढऱ्याच्या मधला असला, की ही करामत सगळ्यात झकास जमते. वर काळी आणि खाली पांढरी टाइल जिथं येते, तिथं डोळ्याला ती दर्जा एवढीशी, अगदी केसभर तिरकी भासते. तेवढ्यावर थांबलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पुढच्या टाइलपाशी तेच, त्याच्या पुढच्याशी तेच. मेंदू हे केसभर तिरकं एकेक करून गोळा करतो, त्यांची बेरीज करतो आणि निकाल देतो, अख्खी ओळ कलली आहे.

वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “म्हंजे दर घरात थोडं थोडं वाढवत न्यायचं. कोपऱ्यावर जाईस्तोवर दीडाचे पाच हजार. मेंदू म्हंजे आपल्या काकूच म्हणा की!”

एकतीस वर्षांत मला ही उपमा सुचली नाही, याचं वाईट वाटलं.

वहिनी साड्यांना फॉल-पिको करून देतात. पुढच्या खोलीत मशीन, आणि खिडकीत दोऱ्याच्या रिळांची चळत, दोनेकशे रंग तरी असतील. त्यामुळे रंगाच्या बाबतीत त्यांना शिकवायला जाणं म्हणजे गणपतीच्या देवळात जाऊन गणपती दाखवणं. त्या कधीही रीळ साडीवर ठेवून रंग जुळवत नाहीत. दोऱ्याचा एक पदर उलगडतात, साडीवर सोडतात, आणि साडी घेऊन अंगणात येतात. “रिळावर दिसतो तो रंग दोऱ्याचा नसतोच ओ,” त्या म्हणाल्या. “आन् निळ्यावर जो काळा टाकला तो मेला विटक्यासारखा दिसतो. तोच काळा पिवळ्यावर टाका, कसा कोळशासारखा उठतो बघा. गिऱ्हाईक मला म्हणतं, तुम्ही जुना दोरा लावला.”

मी म्हटलं, वहिनी, तुमचं हे गिऱ्हाईक दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही होतं. तिथं गोब्लँ नावाचा मोठा सरकारी विणकामाचा कारखाना. भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे तिथं विणत. १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्यावर शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला. तक्रार हीच, की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्यानं दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून बघितले. रंगात काही खोट नव्हती. खोट होती शेजारात. काळ्याच्या शेजारी गडद निळा किंवा जांभळा विणला की काळा निस्तेज दिसे. शेजारी कोण बसलंय त्यावर रंगाचं रूप ठरतं, हे त्यानं १८३९ मध्ये भलंथोरलं पुस्तक लिहून मांडलं. आणि गडी १०२ वर्षं जगला.

“दोरे बघत बसलं की आयुष्य वाढत असंल,” वहिनी म्हणाल्या, आणि लगेच मुद्द्यावर आल्या. “मग ते आडव्या पट्ट्यांचं खरं का खोटं? आडव्या पट्ट्यांची साडी नेसली की बाई जाड दिसती?”

हा प्रश्न त्यांनी कुणासाठी विचारला ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका लग्नाचं वर्णन त्यात होतं, आणि ते वर्णन मी इथं गाळते आहे. पण उत्तर ऐकून त्या चाटच पडल्या. हेल्महोल्ट्झ म्हणून जर्मन शास्त्रज्ञ होऊन गेला, डोळ्याच्या अभ्यासातलं दांडगं नाव. त्यानं १८६७ मध्ये लिहून ठेवलंय की एकाच मापाचे दोन चौकोन काढा, एकात आडव्या रेघा भरा, दुसऱ्यात उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो, उभ्या रेघांचा आडवा पसरलेला. बायकांच्या झग्यावरच्या आडव्या पट्ट्यांनी उंची वाढल्यासारखी दिसते, हेही त्यानंच म्हटलंय.

“त्यो कवा साडी नेसला होता का?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ दे.”

माझं म्हणणं असं, की चौकोन वेगळा आणि माणूस वेगळा. चौकोनाला पोट नसतं. पण जगभर शिवणकाम करणाऱ्या बायका शंभर वर्षं जे छातीठोक सांगत आल्या, ते वहीतल्या एका चौकोनाशीही जुळत नाही, याची मला गंमत वाटते. तुम्ही काढून बघा. रेघा बारीक आणि जवळजवळ असू द्या, आणि चौकोनाची बाहेरची चौकट काढू नका.

एवढं बोलणं झालं, तर वहिनींना सातारची ट्रीप आठवली. आठवणारच. सगळ्या गल्लीला त्यांनी ती तीनदा सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा त्यात मी त्यांच्यावर काहीतरी करणी केल्यासारखं येतं.

माझं माहेर सातारा. मागच्या श्रावणात आम्ही दोघं आणि वहिनी-भाऊजी गाडी करून गेलो होतो. वाटेत वहिनींना कळलं की त्या दिवशी संकष्टी आहे, मग उपास. आधी ठोसेघर. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या कड्यावरून पाणी खाली येताना दिसतं, धुकं वर-खाली करत असतं, आणि निम्मी माणसं धबधब्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतात. मी वहिनींना म्हटलं, मिनिटभर त्या पाण्याच्या मधोमध एकाच ठिकाणी नजर लावा, हलवू नका. त्यांनी लावली. मिनिट झाल्यावर म्हटलं, आता बाजूच्या कड्याकडे बघा.

“अगं बाई! दरड वर चढायली!”

गॅलरीतली सगळी माणसं मागं सरकली. श्रावणात घाटमाथ्यावर ‘दरड’ हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसतो. भाऊजींनी वहिनींचा दंड धरला, उपासानं चक्कर आली असं जाहीर केलं आणि राजगिऱ्याची वडी पुढं केली. वहिनी वडी खात खात कड्याकडे बोट दाखवत होत्या, “आता थांबला. आता थांबला.”

चक्कर नव्हती, करणीही नव्हती. आपल्या मेंदूत वर जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या आणि खाली येणारी टिपणाऱ्या वेगळ्या. समोर काही हलत नसतं तेव्हा दोघींची रस्सीखेच बरोबरीत असते, म्हणून कडा जागच्या जागी दिसतो. मिनिटभर खाली येणारं पाणी बघून खालच्या गटाचे हात थकतात. मग स्थिर कड्याकडे पाहिलं की वरचा गट त्यांना ओढून नेतो आणि कडा वर चढू लागतो. दहा-पंधरा सेकंदांत खालच्यांना दम येतो, खेळ संपतो. गंमत अशी, की कडा चढताना दिसतो पण जागा सोडत नाही. वर जातोय आणि तिथंच आहे, दोन्ही एकाच वेळी. रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थाला हे १८३४ मध्ये स्कॉटलंडात फॉयर्सच्या धबधब्याशी दिसलं आणि त्यानं लिहून ठेवलं. त्याला राजगिऱ्याची वडी कुणी दिली का, ते त्यानं लिहिलेलं नाही.

ठोसेघरहून चाळकेवाडीचं पठार जवळ. तिथं पवनचक्क्यांचं रान आहे. सांगलीकरांना पवनचक्क्या काही नवीन नाहीत, आपल्या ढालगावकडेही आहेत. पण संध्याकाळ होत आली होती, पश्चिमेला ढग फाटून मागून उजेड येत होता आणि लांबच्या चक्क्या नुसत्या काळ्या सावल्यांसारख्या दिसत होत्या, जरा कडेनं. भाऊजी म्हणाले, ती बघ, हिचं पातं आपल्या बाजूनं खाली येतंय आणि पलीकडून वर चढतंय. वहिनी म्हणाल्या, छे, पलीकडून खाली जातंय, अलीकडून वर येतंय. तीस वर्षांच्या संसारात जेवढी म्हणून भांडणं शिल्लक होती, ती सगळी त्या पात्यावर येऊन बसली.

दोघांचंही बरोबर होतं. मागून उजेड असला की पात्याची जवळची बाजू कुठली, लांबची कुठली, हे सांगणारं काहीच डोळ्यांपर्यंत पोचत नाही. ना छटा, ना चमक. चक्कीचं तोंड आपल्याकडे आहे की पाठ, हे ठरवायला पुरावाच नसतो. पण मेंदूला ‘मला माहीत नाही’ म्हणता येत नाही. तो काहीतरी एक ठरवून टाकतो. मी दोघांना म्हटलं, डोळे मिटा, उघडताना मनात दुसऱ्याचं म्हणणं धरा. आधी नाही जमलं. मग भाऊजी एकदम म्हणाले, “उलटी फिरली की!” वाकून बघितलं तर वहिनींनाही उलटी दिसत होती. म्हणजे दोघांनी बाजू बदलल्या आणि भांडण तसंच राहिलं. १८६० मध्ये झिन्स्टेडन नावाच्या जर्मनानं संध्याकाळी पवनचक्की बघताना हेच टिपलं होतं. तिढा सोडवायचा तर एक युक्ती आहे. आताच्या बहुतेक पवनचक्क्या समोरून पाहिल्या तर घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतात. उजवीकडचं पातं खाली येत असलं तर चक्कीचं तोंड आपल्याकडे. हे मी गाडीत बसल्यावर सांगितलं. आधी सांगून रंगाचा बेरंग कशाला करायचा?

रात्री माहेरच्या गच्चीवर चंद्राची वाट बघत बसलो. सातारला चंद्र उगवतो तो जरंडेश्वराच्या अंगानं. उगवला तो केवढा! परातीएवढा, केशरी. वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन उभ्याच राहिल्या. “सांगलीत एवढा नसतो ओ.” मला माहेरचा अभिमान आवरून खरं बोलावं लागलं. आईच्या डब्यातून हरभऱ्याचा एक दाणा आणला, वहिनींना म्हटलं, एक डोळा मिटा, हात लांब करा, चिमटीतला दाणा चंद्रावर धरा. परातीएवढा चंद्र हरभऱ्यामागे गडप. दोन तासांनी चंद्र वर चढला, लहानसा, पांढरा झाला. परत तोच दाणा, तोच हात. तेवढाच झाकला. खरं तर क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून थोडा जास्तच लांब असतो, म्हणजे मोजायला गेलं तर किंचित लहानच भरेल. मोठा दिसतो तो डोंगर, झाडं, घरं मधे आल्यामुळे. ‘एवढ्या सगळ्याच्याही पलीकडे आहे, म्हणजे मोठाच असणार,’ असा मेंदूचा हिशेब. हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या अरब पंडितानं याच वाटेनं विचार केला होता. हिशेब नेमका कसा होतो यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत, पण चंद्र फुगलेला नसतो यावर सगळ्यांचं एकमत. वहिनी दुसऱ्या दिवसापर्यंत हरभरा पदरात बांधून हिंडत होत्या.

आणि परतताना सडावाघापूर. उंब्रजवरून आत वळून चाफळमार्गे वर गेलं की पठाराच्या कडेला पाण्याचा ओहोळ दरीत उडी मारतो आणि खाली जायच्या ऐवजी वर येतो. उलटा धबधबा. वहिनी गाडीतून उतरल्या, लांबूनच बघितलं आणि हाताची घडी घातली. “आता मी फसणार न्हाई. हे खोटं हाय.”

“वहिनी, हे खरं आहे.”

“काल दरड चढत होती ती खोटी, चक्की उलटी फिरली ती खोटी, चंद्रपण खोटा. आन् पाणी वर चढतंय ते खरं?”

मी काय बोलणार? दरीतून वर चढणारा वारा इतका जोराचा असतो, की कड्यावरून पडणारं पाणी तो धरतो आणि तसंच्या तसं माघारी फेकतो. त्यात डोळ्याचा काही संबंध नाही. हे तोंडानं सांगून पटलं नाही, म्हणून त्यांना कडेपासून बेताच्या अंतरावर उभं केलं. अर्ध्या मिनिटात वहिनी डोक्यापासून पायापर्यंत ओल्या. मग पटलं.

“फोटोत आलं होतं का ओ ते?” कुंपणापलीकडून वहिनींनी विचारलं. आलं होतं, व्हिडिओच आहे. आणि हा बरा प्रश्न होता त्यांचा. उन्हाळ्यात जतकडे जाताना डांबरी रस्त्यावर पुढं पाणी साचल्यासारखं दिसतं ना, त्या मृगजळाचाही फोटो येतो. तापलेल्या रस्त्यालगतच्या हवेत उजेड वाकतो आणि समोरचं आभाळच रस्त्यावर पडल्यासारखं दिसतं. तिथं डोळा खोटं बोलत नाही, उजेडच वाकडी वाट करून आलेला असतो. आमच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत वाकून बघितलं तरी तेच, तळ असतो त्याच्या पाऊणपटच खोल वाटतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या सातारच्या पोरांना हे पुस्तकात वाचायच्या आधी गुडघ्याला कळलेलं असतं. पण ठोसेघरचा चढणारा कडा कुठल्याही मोबाइलमध्ये येत नाही. चंद्राचा फोटो काढा, वाटाण्याएवढा येतो आणि माणूस मोबाइल कंपनीला शिव्या देतो.

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बाई, मी लहान असताना आयर्विन पुलावर मला झालं होतं, ते हेच असंल का?”

कृष्णेला पाणी वाढलं की सांगलीत माणसं आयर्विन पुलाची पातळी विचारतात, जशी दुसरीकडे तब्येत विचारतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ साली ती सत्तावन्नच्या वर गेली होती, ते कुणी विसरलेलं नाही. वहिनींची गोष्ट बरीच आधीची. वडिलांचं बोट धरून पूर बघायला गेलेल्या. कठड्यावरून खाली बघितलं, तांबडं पाणी धावत होतं, आणि एकदम पूल त्यांना घेऊन उलट्या दिशेला, वाईकडे निघाला. त्या किंचाळल्या. घरी आल्यावर आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या पुलाच्या मधूनच चालायच्या, कठड्याला शिवायच्या नाहीत. हे त्यांनी आजवर भाऊजींनाही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, हेच ते. डोळ्यांसमोर सगळंच्या सगळं एका बाजूला जायला लागलं, की मेंदू म्हणतो, एवढं सगळं कसं हलेल, आपणच हलत असू. मिरज जंक्शनला शेजारची गाडी सुटली की आपली सुटली असं वाटून आपण डबा आवरतो ना, तसंच. आयर्विन पूल झाला १९२९ मध्ये. आणि त्याच साली तिकडे जर्मनीत कार्ल डुंकरनं ‘एक हलतं, दुसरंच हललेलं वाटतं’ यावरचा आपला निबंध छापला. तुमची आजी मिठानं जे उतरवत होती, त्यावर तोवर पुस्तकी काम झालेलं होतं.

“पण मिठानं उतरलं होतं ओ,” वहिनी म्हणाल्या.

उतरलं असेल. मी त्यात पडत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू समोरून गेल्या आणि आम्ही दोघी आपोआप गप्प झालो. त्या गेल्यावर वहिनींनी रेनकोटाचा विषय काढला. मागच्या पावसाळ्यात एका गच्चीवर तिन्हीसांजेपासून कुणीतरी माणूस उभा होता. काकूंना तो त्यांच्या खिडकीकडे टक लावून बघताना दिसला. समोरच्यांना त्यांच्याकडे. आमच्या ह्यांनाही वाटलं आपल्याकडेच. ग्रुपवर सत्तर मेसेज झाले, दोघं काठ्या घेऊन वर गेले. हँगरला वाळत घातलेला रेनकोट होता. दोरीला साप समजायची आपली जुनी सवय, नुसता पोशाख बदललाय. आणि बघत होता म्हणे! त्याला डोळे तरी होते का? ज्याला डोळे असतात त्याची गोष्ट निराळी. मी एकदा शाळेची सहल घेऊन औंधला गेले होते, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं ते डोंगरावरचं संग्रहालय बघायला. सहावीतली एक मुलगी एका चित्रासमोरून हलेना. म्हणाली, बाई, मी इकडे गेले तरी हा माणूस माझ्याकडे बघतो, तिकडे गेले तरी बघतो. बरोबरच होतं तिचं. चित्रकारानं बुबुळं थेट समोर रोखून काढली असली, की ती सपाट कापडावर कायमची समोरच रोखलेली राहतात. जिवंत माणसाच्या बाजूला आपण सरकलो की त्याचा कान दिसायला लागतो. चित्राचा कान कुठून दिसणार? मग उरलेल्या बावीस मुलांनी तपासून पाहिलं आणि बाविसांचंही म्हणणं पडलं की तो आपल्याकडेच बघतोय. त्या दिवशी रवि वर्म्याच्या ‘सैरंध्री’पाशी पोचायला आम्हाला उशीर झाला.

उन्हं जास्वंदीवर आली. फुलं परडीतच मलूल व्हायला लागली होती. वहिनी एकदम म्हणाल्या, “बाई, त्या सायकलीच्या तारा बघा. पार वाकल्यात की!”

गल्लीच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल हळू चालवत येत होतं. मी माझ्या बाजूनं फटींमधून तिरकं बघितलं. खरंच, चाकाच्या तारा धनुष्यासारख्या वळलेल्या, आणि चाक पुढं सरकतंय तरी तारा फिरत नाहीत, तशाच थांबलेल्या. फक्त सरळ उभी असलेली तार तेवढी सरळ. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एकतीस वर्षं पुस्तकात वाचलं आणि आमच्याच कुंपणात ते होतं! उभ्या फटींमधून एका वेळी तारेचा एक एक तुकडाच दिसतो, वेगवेगळ्या क्षणाचा. मेंदू ते तुकडे जोडून अख्खी तार बनवतो, आणि जोड वाकडा पडतो. रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८२४ मध्ये यावर निबंध वाचला होता. उभ्या गजांच्या कुंपणाआडून दिसणारं गाडीचं चाक, हाच विषय. याच रॉजेनं पुढं इंग्रजीचा तो प्रसिद्ध समानार्थी शब्दांचा कोश केला.

“त्यालापण शेजार चांगला असणार,” वहिनी म्हणाल्या.

सायकल आमच्या फाटकाशी थांबली. तारा सरळ झाल्या. मिस्त्री होते. मी रात्रीच फोन केला होता. ते आत आले नाहीत, फाटकाशीच उभे राहिले, एक पाय पायडलवर. मी डबा आणला, तीन नोटा काढल्या, आणि म्हटलं, मिस्त्री, भिंत सरळ आहे.

“म्हाईत हाय की,” ते म्हणाले.

कुंपणाच्या फटीतून चष्म्याची अर्धी काच चमकली.

“मोजून घ्या ओ मिस्त्री. बाईंच्या नजरेचं काय खरं न्हाई.”